मधले दिवस आपल्या हातात असतात

पोर्टलीश हे आयर्लंडच्या मध्यभागातलं गाव. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकापासून रेल्वेनं तासाभरावर. डब्लिनचं घरभाडं झेपेना म्हणून २०१६ साली आम्ही इथे आलो. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक कॉम्प्युटर आहे. ऑफिसचे लॅपटॉप वेगळे, हा घराचा. मुलीचा गृहपाठ, विजेची बिलं, भारतातल्या बँकेचे व्यवहार, २००९ पासूनचे फोटो, सगळं त्याच्यावर.

जानेवारी २०२१ ची गोष्ट. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. आई आदल्या फेब्रुवारीत सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच राहिली होती. वेळ घालवायला तिनं आठवणी लिहायला घेतल्या होत्या: माहेरचं घर, कृष्णेचे पूर, बाबांच्या बदल्या. वहीत चाळीसेक पानं झाल्यावर ती म्हणाली, “मला हे कॉम्प्युटरवर मराठीत लिहायला शिकव.”

रात्री साडेदहाला, दिवसभराच्या कामानंतर, मी मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम शोधला. एका पानावर मोठं हिरवं बटण होतं, ते दाबलं. प्रोग्रॅम बसवताना सूचना आली की अँटिव्हायरस मराठी फाँटला अडवतो, तेव्हा तो थोडा वेळ बंद करा. मी बंद केला. विंडोजनं परवानगी मागितली, मी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईनं पहिलं अक्षर टाइप केलं, ‘श्री’. तिचा आनंद बघून मला फार बरं वाटलं.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, कुठलाच फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती: फायली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे. बाबा २०१८ मध्ये गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. जोड, म्हणजे बॅकअप, म्हणून घेतलेली डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेलीच असायची, त्यामुळे तिच्यातही तीच चिठ्ठी. आईची चाळीस पानं तेवढी वाचली, कारण ती वहीत होती.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. घरात काही नियम केले, काही सवयी मोडल्या. त्यातून जे शिकले ते इथे क्रमानं मांडते आहे. कोणाचे तरी फोटो यामुळे वाचावेत, एवढीच इच्छा आहे.

१. दार बहुतेक वेळा आपणच उघडतो

घरच्या कॉम्प्युटरवर कोणी नेमका डोळा ठेवून चालून आलंय, असं क्वचित घडतं. आपल्याला एखादी गोष्ट तातडीनं आणि फुकट हवी असते, तिथे सापळा मांडलेला असतो. आपल्या लोकांच्या या गरजा ठरलेल्या आहेत. मराठी टायपिंग, देवनागरी फाँट, कुंडलीचं सॉफ्टवेअर, लग्नाच्या बायोडेटाचा नमुना, नवा सिनेमा. गूगलचा ऑफलाइन चालणारा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम एके काळी घरोघरी होता. गूगलनं तो देणं केव्हाच बंद केलं, पण लोकांची सवय राहिली. मग त्या नावाच्या फायली भलत्याच ठिकाणी मिळू लागल्या. त्यातलीच एक मी आणली.

वाईट याचं वाटतं की मला काहीच आणायची गरज नव्हती. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आधीच असतो. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडायची आणि तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडायचा. पाच मिनिटांचं काम आहे. आई आता तोच वापरते.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचंही तसंच. आमच्या कॉलेजच्या दिवसांत सांगलीत कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस सगळी सॉफ्टवेअर भरूनच द्यायचा आणि त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटायचं नाही. आमच्या फायलींना कुलूप लावणारा प्रकार स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावानं ओळखला जातो. तो मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही. क्रॅक केलेल्या आणि खोट्या नावाच्या सॉफ्टवेअरमधून तो सामान्य घरांत शिरतो.

आमचा नियम: सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्याच्याच संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं. शोधात सर्वांत वर दिसणारी जाहिरात उघडायची नाही, पत्ता नीट वाचायचा. आणि कोणताही प्रोग्रॅम ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला, की तिथूनच मागे फिरायचं. पाहुणा दारातच ‘कुत्रा बांधून ठेवा आणि दिवेही मालवा’ म्हणाला, तर त्याला आपण घरात घेऊ का?

२. घाव पडण्याआधी काही दिवस मिळतात

आमच्याकडे हे दिवस अकरा होते. त्यात ब्राउझरचं पहिलं पान बदललं होतं. काहीही चालू नसताना कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. सुरू व्हायला चार-चार मिनिटं लागत होती. मी हे सगळं पाहत होते आणि ‘जुना झालाय बिचारा’ म्हणत होते.

तीन-साडेतीन महिन्यांनी, १४ मे २०२१ च्या सकाळी, रेडिओवर बातमी आली. आयर्लंडची सार्वजनिक आरोग्यसेवा, एचएसई, हिनं आपली सगळी कॉम्प्युटर यंत्रणा बंद केली होती. काँटी नावाच्या खंडणीखोर टोळीनं देशभरातल्या रुग्णालयांच्या फायलींना कुलूप लावलं होतं. आमच्या गावचं रुग्णालयही एचएसईचंच. देशभर डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनावर आल्या. आमच्या घरात आईची वही वाचली होती, इथे अख्ख्या देशाची वही बाहेर निघाली. ५४ रुग्णालयं, चार हजारांहून अधिक ठिकाणं आणि सत्तर हजारांवर कॉम्प्युटर असलेली ती यंत्रणा.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये या हल्ल्याचा चौकशी अहवाल जाहीर झाला. तो वाचताना मला आमचीच गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखी वाटली. १६ मार्चला एका कर्मचाऱ्याला ई-मेल आली. १८ मार्चला तिच्यासोबतची एक्सेलची फाइल उघडली गेली. ३१ मार्चला त्याच कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसनं हल्लेखोरांची हत्यारं ओळखलीसुद्धा, पण तो नुसती नोंद करण्याच्या पद्धतीवर लावलेला होता, अडवण्याच्या नाही. त्यानं पाहिलं, लिहून ठेवलं आणि जाऊ दिलं. पुढे आणखी इशारे आले. घाव पडला १४ मे रोजी. १८ मार्च ते १४ मे म्हणजे ५७ दिवस.

एवढ्या मोठ्या संस्थेला ५७ दिवस मिळाले आणि आमच्या घराला अकरा. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार या दोन आकड्यांत आहे. शिरणं आणि घाव यांच्या मधले दिवस आपले असतात. त्या दिवसांत एकदा जरी थांबून पाहिलं, तर बहुतेक सगळं वाचू शकतं. ब्राउझरचं पान आपोआप बदललं, न मागितलेला प्रोग्रॅम दिसला, अँटिव्हायरस बंद आढळला, मित्रांना तुमच्या नावानं विचित्र मेल गेल्या, यांपैकी काहीही घडलं तर त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर तपासायचा. रविवारची वाट पाहायची नाही. आमचा घाव रविवारीच पडला.

३. अँटिव्हायरस एकच असावा, पण जागा असावा

अँटिव्हायरस म्हटलं की पुण्याचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ आठवावेत. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या संजयनं ते काढून टाकणारी साधनं लिहिली. त्यातून क्विक हील उभं राहिलं. माझ्या पिढीनं ‘व्हायरस’ हा शब्द ऐकला तो झेरॉक्सच्या दुकानात, पेनड्राइव्ह लावला की ‘न्यू फोल्डर’ नावाची फाइल प्रकट व्हायची तेव्हा. अँटिव्हायरस विकत घेणं हे तेव्हा गरजेचंच होतं.

आज विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि घरासाठी तो चांगला आहे. विकतचा घेतलात तरी हरकत नाही. पण दोन अँटिव्हायरस एकाच वेळी नकोत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. इंटरनेटवर अचानक उघडलेल्या खिडकीत ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस सापडले’ असं आलं, तर ती जाहिरात असते. तिथून काहीही विकत घ्यायचं नाही.

महिन्यातून एकदा मी तीन गोष्टी पाहते. संरक्षण चालू आहे का. ‘टँपर प्रोटेक्शन’ हा पर्याय चालू आहे का, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरस बंद करता येत नाही. आणि सूट दिलेल्या फायलींची यादी, जिला ‘एक्सक्लूजन्स’ म्हणतात, ती रिकामी आहे का. आमच्याकडे आलेल्या प्रोग्रॅमनं त्या यादीत स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. पहारेकरी पुन्हा जागेवर आला होता, पण चोराचं नाव घरच्या माणसांच्या यादीत होतं.

१४ मेच्या सुमारास एचएसईवर हल्ला करणाऱ्या काँटी टोळीनं आयर्लंडच्या आरोग्य खात्यावरही हल्ला केला. तिथे फायलींना कुलूप लावण्याचा प्रयत्न अँटिव्हायरस आणि तपासाची इतर साधनं यांनी मिळून हाणून पाडला. हल्लेखोर तेच, दिवस तेच. फरक होता तो अडवण्याची परवानगी असलेल्या पहाऱ्याचा.

४. अपडेट उद्यावर ढकलू नये

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक छिद्र बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी त्याच छिद्रातून शिरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला आणि ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मधले दिवस ५९. अपडेट घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये ते छिद्र उरलंच नव्हतं. म्हणजे मधले दिवस इथेही होते आणि फुकट होते.

‘रीमाइंड मी लेटर’ हे बटण मी वर्षानुवर्षं दाबलं. आता रात्री जेवणं झाली की अपडेट लावून आम्ही झोपायला जातो. ब्राउझर आणि फोन यांचंही तेच. वायफायच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलायचा आणि त्याचं अपडेटही वर्षातून दोनदा पाहायचं.

जुन्या विंडोजचा प्रश्न वेगळा आहे. हल्ला झाला तेव्हा एचएसईचे तीस हजारांवर कॉम्प्युटर विंडोज ७ वर होते, ज्याची नेहमीची अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबली होती. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे आणि आयर्लंडसह युरोपातल्या घरगुती वापरकर्त्यांना ती विनामूल्य आहे. मात्र त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, ती आपोआप सुरू होत नाही. तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत नसेल, तर त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून घ्या किंवा त्यावरून बँकेचे व्यवहार तरी बंद करा.

५. जोडलेली डिस्क म्हणजे जोड नव्हे

माझी सर्वांत महागात पडलेली समजूत ही होती की डिस्क घेतली म्हणजे फोटोंची काळजी मिटली. कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क हा कॉम्प्युटरचाच भाग असतो. त्याला कुलूप लागलं की तिलाही लागतं.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात सापडलं. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्कच्या गटाचं एक टर्मिनल आहे. त्याचंही काम ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. कंपनीच्या जगभरातल्या यंत्रणेची नोंदवही म्हणता येईल अशी जी माहिती असते, तिच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या. एक सोडून. ती घाना देशातल्या एका कार्यालयात होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो कॉम्प्युटर जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून कंपनीनं आपली यंत्रणा पुन्हा उभी केली.

ज्यांनी महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षं काढली आहेत, त्यांना ही गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे. वीज गेलेला कॉम्प्युटर वाचला. आपल्या एका प्रतीला कायम वीज गेलेलीच ठेवायची.

आमच्या घरात आता महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात. एक कॉम्प्युटरवर. दुसरी डिस्कवर, जी महिन्याच्या पहिल्या शनिवारी तासाभरासाठी जोडते आणि काढून कपाटात ठेवते. तिसरी घराबाहेर. क्लाउडमध्ये फायलींच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवणारी सेवा असेल तर ती उत्तम. त्याशिवाय भारतात जाताना एक पेनड्राइव्ह भरून नेते आणि आईच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवते. पण प्रत ठेवणं हे अर्धंच काम झालं. वर्षातून दोनदा तिच्यातले दहा फोटो उघडून बघायचे. उघडले तरच ती प्रत.

६. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि साधं

आम्ही सगळे एकाच खात्यात वावरायचो आणि त्या खात्याला सगळे अधिकार होते. म्हणून माझ्या एका ‘हो’वर आलेला प्रोग्रॅम सगळ्यांच्या फायलींपर्यंत पोहोचला. आता लेकीचं, नवऱ्याचं, माझं, आईचं, प्रत्येकाचं ‘स्टँडर्ड’ खातं आहे. नवा प्रोग्रॅम बसवायचा अधिकार वेगळ्या खात्याला आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. लेकीला खेळासाठी काही हवं असेल तर ती बोलावते. तेवढ्या मिनिटभरात ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न विचारून होतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिचं तिलाच सापडतं.

७. फाइलचं शेपूट वाचावं

४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची ई-मेल जगभर गेली. तिच्यासोबतची फाइल प्रेमपत्राची साधी मजकुराची फाइल वाटायची. नावाचं खरं शेपूट ‘व्हीबीएस’ होतं, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि विंडोज ते शेपूट लपवत होतं. इतक्या वर्षांनंतरही विंडोज ते सहसा लपवतंच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. फोटो किंवा बिल म्हणवणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘जेएस’ किंवा ‘एलएनके’ दिसलं, तर ती उघडायची नाही.

फोनवर हेच शेपूट ‘एपीके’ असतं. भारतातून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून अशा फायली फिरतात. पाठवणारा आपला मावसभाऊच असतो, कारण त्याचा फोन आधी ताब्यात गेलेला असतो. पत्रिका चित्राची किंवा पीडीएफची असते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. शंका आली तर मावसभावाला फोन करून विचारावं. लग्न असेल तर त्याला आनंदच होईल.

८. पासवर्डच्या चोरीला आवाज नसतो

खंडणीचा हल्ला निदान चिठ्ठी तरी ठेवतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम काहीच ठेवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आपण आधीच आत आहोत हे सांगणाऱ्या कुकीज ते काही मिनिटांत उचलतात. लुमा नावाच्या अशा एका प्रोग्रॅमची यंत्रणा मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, युरोपोल आणि इतरांनी मिळून खिळखिळी केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत त्यानं ३,९४,००० विंडोज कॉम्प्युटर बाधित केले होते.

असे प्रोग्रॅम आणण्याची एक युक्ती सध्या जोरात आहे. ‘तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं. मग ते सांगतं की विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या तीन पायऱ्यांनी तुम्ही चोराचा आदेश स्वतःच्या हातानं चालवलेला असतो. खरं संकेतस्थळ माणूस ओळखण्यासाठी असं कधीच करायला लावत नाही.

आम्ही पासवर्ड मॅनेजर वापरतो. ई-मेल आणि बँक यांना दुहेरी तपासणी आहे. ई-मेलचा पासवर्ड सर्वांत मोठा, कारण बाकी सगळ्या कुलपांच्या किल्ल्या तिथूनच मिळतात.

९. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर ठेवून द्यावा

आमच्या शेजारी एक वृद्ध आयरिश बाई एकट्या राहतात. त्यांना एकदा असा फोन आला. बोलणारा इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणवत होता आणि कॉम्प्युटरचा ताबा देणारा प्रोग्रॅम बसवायला सांगत होता. त्यांनी वेळीच फोन ठेवला आणि आमच्याकडे आल्या. फार संकोचून म्हणाल्या, तो माणूस भारतीय वाटत होता. मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं खोटं नसणार. अशी बनावट कॉल सेंटरं आपल्या देशात वारंवार पकडली गेली आहेत. त्या दिवसापासून मला असं वाटतं की परदेशातल्या आपल्या माणसांनी शेजारच्या म्हाताऱ्यांना हे आवर्जून समजावून सांगायला हवं. मी त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद लावला: कोणतीही कंपनी तुमच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस सांगायला फोन करत नाही. तसाच मराठीतला कागद सांगलीच्या घरीही आहे.

१०. घडलंच, तर काय करावं

आधी इंटरनेट तोडा: वायफाय बंद, केबल काढा. जोडलेली डिस्क आणि पेनड्राइव्ह उपसा. फायलींची नावं डोळ्यांदेखत बदलताना दिसली तर कॉम्प्युटर सरळ बंद करा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. बँकेला फोन करा. आयर्लंडमध्ये जवळच्या गार्डा ठाण्यात, म्हणजे पोलिसांकडे, तक्रार द्या. भारतात असाल तर १९३० हा क्रमांक लावा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

खंडणी देऊ नये, असं आमचं मत झालं आणि आम्ही दिली नाही. एचएसईवरच्या हल्ल्यानंतर आयर्लंडच्या सरकारनंही दिली नाही. सहा दिवसांनी टोळीनं किल्ली फुकट देऊन टाकली, तरी एचएसईचे सगळे सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. किल्ली हाती आली म्हणजे घर लागलं असं होत नाही. युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी २०१६ मध्ये काही सुरक्षा कंपन्यांसोबत ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे कुलपाचा प्रकार ओळखता येतो आणि काही प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. आमच्या फायलींची मिळाली नाही. ती डिस्क मी टाकलेली नाही, चिठ्ठी लावून जपून ठेवली आहे, कारण काही किल्ल्या वर्षांनी सापडतात.

कॉम्प्युटर नुसता ‘साफ’ करून वापरू नका. सगळं पुसून विंडोज नव्यानं घाला. बाबांचे काही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून परत जमले, चारशेच्या आसपास. बाकीचे नाहीत.

११. घरात कोणालाही रागावू नये

हे सर्वांत शेवटी लिहिते आहे, कारण मला ते सर्वांत शेवटी कळलं.

त्या रविवारनंतर आठवड्यानं लेक माझ्याजवळ येऊन रडली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. ब्राउझरचं पान बदललेलं तिनं तिसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. एक काळी खिडकी क्षणभर उघडून मिटतानाही पाहिली होती. पण तिला वाटलं की हे तिच्या खेळामुळे झालंय आणि आई ओरडेल. आधी एकदा स्क्रीनवर पाणी सांडलं तेव्हा मी ओरडले होते. म्हणून ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं असतं, तर आमच्या हातात आठ दिवस होते आणि बाबांचे सगळे फोटो आज असते.

ते आठ दिवस तिनं घालवले नाहीत. माझ्या रागाच्या भीतीनं घालवले. चूक तिची नव्हतीच. दार मी उघडलं होतं आणि पहारेकरी मीच झोपवला होता. मी तिला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं. आता घरात एकच पक्का नियम आहे: विचित्र काही दिसलं की त्या क्षणी हाक मारायची. चुकून बटण दाबलं असलं तरी हाक मारायची. हाक मारणाऱ्याला शाबासकी, बाकीचं नंतर. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच हाका आल्या. बहुतेक निरर्थक निघाल्या. दोन खऱ्या होत्या, आणि दोन्ही वेळा काहीही गेलं नाही.

विमानं सुरळीत झाल्यावर आई सांगलीला परतली. तिच्या आठवणींची आता ११२ पानं टाइप झाली आहेत. एक प्रत पोर्टलीशच्या कॉम्प्युटरवर आहे, एक कपाटातल्या डिस्कवर, एक तिच्या दागिन्यांशेजारी. पहिल्या चाळीस पानांची वहीही जपली आहे.

वाचकहो, वरचं सगळं आज जमलं नाही तरी चालेल. या आठवड्यात तीन कामं करा. राहिलेली अपडेट घ्या. फोटोंची एक प्रत काढून ती डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवा. आणि रात्री जेवताना घरातल्या लहानथोरांना सांगा: कॉम्प्युटरवर काही वेगळं दिसलं तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही.